पंधरा सेकंदांचं इंजिन आणि परभणीचं ऊन

'एअर-कूल्ड' हा शब्द आपण आय.सी. इंजिनच्या तासाला शिकतो. मला तो त्याआधीच समजला, तोही रस्त्यावर. मे महिना, जिंतूर रोड, मित्राची जुनी टू-स्ट्रोक आणि आम्ही डबलसीट. पुढच्या एका गाडीच्या नादी लागून फुल थ्रॉटल दिलं आणि थोड्याच वेळात मागचं चाक एकदम जाम! क्लच वेळेवर दाबला म्हणून वाचलो. मिस्त्रींनी इंजिन उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि बाहेर फिन्समध्ये वाळलेला चिखल. "पोरंहो, हिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही तुम्ही," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून मी एअर-कूल्ड इंजिनांच्या मागं लागलो. या जातीतली सगळ्यात प्रसिद्ध कार म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. जर्मनीत जन्मली, शेवटची गाडी मेक्सिकोत जुलै २००३ मध्ये तयार झाली. एकूण २ कोटी १५ लाखांहून जास्त! रेडिएटर नाही, पाणी नाही. मागच्या बाजूला समोरासमोर आडवे झोपवलेले चार सिलेंडर आणि एक पंखा, बस्स. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांनी ही साधी घरगुती गाडी ड्रॅग रेसिंगमध्ये उतरवली. ड्रॅग म्हणजे जागेवरून सुटून सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर पळायचं. त्यात 'इंच पिंचर' नावाची बीटल फार गाजली.

आता प्रश्न असा, की तीच गाडी रोज रस्त्यावरही चालवायची आणि ड्रॅगलाही न्यायची, तर इंजिन बांधायचं कसं?

हिशोब उष्णतेचा

पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश भागच आपल्या कामाला येतो. बराचसा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला सिलेंडर व हेडच्या भिंतींतून बाहेर काढावा लागतो. म्हणजे ताकद वाढवली की बाहेर काढायची उष्णताही वाढली.

आता आपल्या गावाचं गणित बघा. फिनचं तापमान १८० अंश धरू. बाहेर २० अंश असतील तर फरक १६०. परभणीच्या मे महिन्यातले ४४ अंश असतील तर फरक फक्त १३६. इथंच १५ टक्के गेले. शिवाय ४४ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सात-आठ टक्के विरळ, म्हणजे तेवढाच पंखा कमी वजनाची हवा फेकणार. एकूण थंड करण्याची क्षमता वीस टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणून परदेशी मासिकातली कृती इथं जशीच्या तशी चालत नाही.

ड्रॅगची गंमत अशी, की एक धाव साधारण पंधरा सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात उष्णता धातूच पिऊन टाकतो. म्हणून निव्वळ ड्रॅगच्या काही गाड्या पंख्याचा पट्टासुद्धा काढतात, कारण पंखा फिरवायला ताकद लागते. पण तेच इंजिन जिंतूरपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर नेऊन दाखवा!

आधी थंडावा, मग ताकद

१) पत्रे. बीटलच्या इंजिनाभोवतीचे पत्रे शोभेसाठी नसतात. खालची तापलेली हवा वर येऊन पंख्यात पुन्हा जाऊ नये, यासाठी ते असतात. इंजिन दिसावं म्हणून ते काढणारा हौशी स्वतःच्या हातानं पिस्टन जाळतो.

२) ऑइल. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असे, त्यामुळं त्याच्यामागच्या तीन नंबरच्या सिलेंडरला गरम हवा मिळायची. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला. जुन्या गाडीला हीच सुधारणा करावी आणि जोडीला वेगळा कूलर बसवावा.

३) सी.सी. मूळ १६०० चा बोअर ८५.५ मि.मी. आणि स्ट्रोक ६९ मि.मी., म्हणजे १५८४ सी.सी. बोअर ९०.५ केला की १७७६ सी.सी. होतात. पण बाहेरचा व्यास तोच ठेवून आतून रुंद केलेले पातळ सिलेंडर टाळावेत, ते तापून वेडेवाकडे होतात.

४) कॉम्प्रेशन आणि कार्ब्युरेटर. आपल्या उन्हात कॉम्प्रेशन रेशो आठच्या आत ठेवलेला बरा, नाहीतर नॉकिंग ठरलेलं. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या जेटनं मिश्रण लीन होतं आणि लीन मिश्रण इंजिन आणखी तापवतं. जेट मोठा करा, रबरी नळ्याही बदला.

५) ब्रेक. मागं इंजिन असल्यामुळं सुटताना मागच्या चाकांना पकड छान मिळते. पण पळणाऱ्या गाडीला थांबवायचंही असतं! पुढचे डिस्क ब्रेक आधी, मोठे कार्ब्युरेटर नंतर.

आणि चालवताना एक लक्षात ठेवा. पंखा इंजिनाच्या आर.पी.एम.वर फिरतो, गाडीच्या वेगावर नाही. चढाला टॉप गिअरमध्ये रेटू नका, एक गिअर खाली घ्या.

पळवायची कुठं?

जिंतूर रोडवर नाही, वसमत रोडवरही नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. कलम ५२ नुसार आर.सी.वरच्या मूळ नोंदींशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. एमएच-२२ ची पाटी असो वा मुंबईची. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग स्पर्धा भरलेली आहे. तिथं हेल्मेट, तपासणी, मोकळी पट्टी आणि उभी ॲम्ब्युलन्स असते. आमच्या त्या दुपारी यातलं काहीच नव्हतं. समोरून एखादी एस.टी. येत असती तर हा लेख लिहायला मी नसतो.

बीटल विकत घेणं आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाबाहेरचं आहे, हे मलाही माहीत आहे. पण घरी जुनी स्कूटर किंवा बुलेट असेलच ना? रविवारी ब्रश आणि रॉकेलऐवजी थोडं डिझेल घ्या आणि आधी तिच्या फिन्स साफ करा. सुरुवात तिथूनच होते.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी