उपकेंद्राची आरोग्य सेविका

जिल्हा परिषदेच्या दप्तरी जिची नोंद ‘आरोग्य सेविका’ अशी होते आणि जिला गाव ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’ म्हणून हाक मारते, तिचे मूळ शिक्षण सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम, या अभ्यासक्रमाचे असते. तिचे ठाणे म्हणजे उपकेंद्र. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खालचा हा टप्पा मैदानी मुलखात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक असावा, असा निकष आहे.

या पदाची घडण मुळात बाळंतपणाभोवती झाली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने मात्र तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरवले आणि कुटुंबनियोजन, लसीकरण, साथरोगांची नोंद अशी कामे तिच्याकडे येत गेली; पुढे १९७७ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आणला गेला, म्हणजे कामे वाढत असताना शिकण्याचा काळ आखडला, आणि ही विसंगती कोणत्याही समर्थनाने झाकली जाण्यासारखी नाही. २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणे दवाखान्यांकडे वळली, तेव्हा सेविकेच्या कामात सुईणपणापेक्षा लसीकरणाचे आणि नोंदवह्यांचे पारडे जड झाले.

अनुभवी सेविकेची पारख करायची, तर ती लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस नेण्याची शीतपेटी, कशी भरते ते पाहावे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पेंटाव्हॅलंटसारख्या लसीचे गोठण्यानेही नुकसान होते, म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक ती लगेच पेटीत ठेवत नाही, बाहेर ठेवून थोडे वितळू देते आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच चारही बाजूंना लावते. लसीच्या कुपीवर वर्तुळात एक चौकोन असतो. उष्णतेने तो गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद दिसला की कुपी बाद होते. बीसीजीची भुकटी द्रवात मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते, त्यामुळे कुपी फोडण्याआधी किती बाळे येणार याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि हा अंदाज आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकांच्या, यादीइतकाच शेतीच्या हंगामावर व बाजाराच्या दिवसावर अवलंबून असतो. टोचल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून घेणे, रात्री ताप येईल हे आईला आधीच सांगणे आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी डोकावणे, यांवर पुढच्या सत्राची हजेरी ठरते. अहवालात मात्र यांपैकी फक्त टोचलेल्या बाळांची संख्या जाते.

असे कसब पाठ्यपुस्तकातून पुरते उतरत नाही. म्हणून जिल्हा परिषदांनी नव्या सेविकेला उपकेंद्र एकटीवर सोपवण्यापूर्वी काही महिने मुरलेल्या सेविकेबरोबर काम करू द्यावे, आणि निवृत्तीला आलेल्या सेविकांचे कामाचे अनुभव त्या सेवेत असतानाच नोंदवून घ्यावेत.