दोन वर्षांची बिझनेस डिग्री : कागदावरची आणि खरी

मंडळी, मागच्या महिन्यात व्याख्यान संपल्यावर एक आजोबा आमच्यापाशी आले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी फ्रिमाँटला आले होते. म्हणाले, "नातू इथल्या कम्युनिटी कॉलेजात बिझनेस शिकायला लागलाय. दोन वर्षांची डिग्री म्हणे. आपल्याकडे दोन वर्षांचा असतो तो डिप्लोमा. मग हे कॉलेज खरं, की फक्त मुलाची समजूत घातलीय?" उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नव्हतं ते. म्हणून आज हाच विषय घेतलाय. आमच्या चौघांपैकी दोघं जण या कॉलेजांत अकाउंटिंग शिकवतात, एकजण काउन्सेलिंग करते आणि एकजण स्वतः इथूनच शिकून पुढे गेलाय. त्यामुळे थोडं इकडचं, थोडं तिकडचं, असं बोलणं होईल.

तर आजोबा, डिग्री खरी आहे. तिला असोसिएट डिग्री म्हणतात. चार वर्षांच्या बॅचलर्स डिग्रीचा पहिला अर्धा भाग, साधारण ६० सेमिस्टर युनिटांचा, एवढाच तिचा अर्थ. ही कल्पना जुनी आहे. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना वाटायचं, की कॉलेजची पहिली दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं यांचं काम वेगळं आहे. त्यांच्याच प्रेरणेने १९०१ साली इलिनॉयमध्ये जोलिएट गावच्या हायस्कुलात पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी किती, तर सहा! ते जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रुमन आयोगाने १९४७ मध्ये अशा कॉलेजांचं जाळं देशभर पसरावं असं सुचवलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं. कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी अशी बाहेर पडायची दारं ठेवलीत ना, त्यातल्या दुसऱ्या दारासारखंच हे. फरक इतकाच, की इथे त्या दाराला डिग्री म्हणतात आणि त्या दोन वर्षांसाठी कॉलेजच वेगळं असतं.

हे कॉलेज वेगळं असणं, हीच गोम आहे. पहिल्या कॉलेजात केलेला अभ्यास दुसऱ्याने मान्य करायला लागतो. तो करतं की नाही, किती करतं आणि कशाच्या जागी करतं, यावर मुलाची दोन वर्षं वाचतात किंवा बुडतात. अमेरिकी संसदेचं हिशेबतपासणी कार्यालय आहे, त्याने २०१७ साली अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेले, असा त्यांचा अंदाज होता. यात सगळ्याच प्रकारची बदली धरलीय, नुसती कम्युनिटी कॉलेजातून झालेली नाही. तरीही आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता हे वाया जातं कसं ते सांगतो. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. सोलापूरकडच्या. एस.वाय.बी.कॉम. झाल्यावर लग्न होऊन इकडे आल्या, एच-फोर व्हिसावर. त्या व्हिसावर शिकायला परवानगी असते, नोकरीला मात्र सगळ्यांना नसते. मुलगी शाळेत जायला लागली तशी त्यांनी जवळच्या कॉलेजात नाव घातलं. हिशेबाची आवड होतीच. बुककीपिंग, छोट्या धंद्याचं अकाउंटिंग, संगणकावरचं अकाउंटिंग, ऑफिसची सॉफ्टवेअरं, पेरोल असे विषय घेत गेल्या. सगळ्यात ए. दीड वर्षाने त्यांना वाटलं, आता स्टेट युनिव्हर्सिटीत जाऊन डिग्री पुरी करू. कागद घेऊन आमच्याकडे आल्या आणि ते कागद पाहून आम्हालाच बोलवेना. काही विषय युनिट म्हणून पुढे मोजले जाणार होते, पण 'फायनान्शियल अकाउंटिंग' आणि 'मॅनेजेरियल अकाउंटिंग' या सक्तीच्या दोन विषयांची जागा त्यातल्या एकानेही भरली नव्हती. म्हणजे दीड वर्ष अकाउंटिंग शिकून अकाउंटिंगचा पहिला विषय बाकीच!

कॉलेजने त्यांना फसवलं असं म्हणता येणार नाही. नोकरीसाठी शिकणाऱ्याला ते विषय उत्तमच आहेत. बुककीपरचं काम त्यावर मिळतं. पण एकाच इमारतीत, एकाच 'बिझनेस' पाटीखाली दोन वेगळे रस्ते निघतात हे त्यांना प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगितलं नाही. आणि विचारायला हवं हे त्यांना तरी कुठून कळणार?

बऱ्याच राज्यांत हा फरक डिग्रीच्या नावात दिसतो. 'असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स' म्हटलं की ती मुख्यतः नोकरीसाठी. नुसतं 'असोसिएट ऑफ सायन्स' किंवा 'असोसिएट ऑफ आर्ट्स' असेल, तर ती बहुतेक पुढे जाण्यासाठी. मधला 'अप्लाइड' हा शब्द वाचायचा. कॅलिफोर्नियात उलटं आहे. इथे शेवटी 'फॉर ट्रान्सफर' हे शब्द आहेत का ते बघायचं. २०१० च्या कायद्याने ही खास डिग्री आली. ती पुरी केली आणि बाकीच्या अटी पाळल्या, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी मिळते. मात्र हमी त्या व्यवस्थेतल्या कुठल्या तरी कॅम्पसची असते, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसची नव्हे. सॅन होजे स्टेट घराजवळ आहे म्हणून तेच मिळेल, असं धरून चालू नका. तिथे गर्दी असते आणि त्यांच्या अटी वेगळ्या पाहाव्या लागतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया हा तर निराळाच संसार. तिथल्या सहा कॅम्पसांशी आधी हमीचा करार करता येतो, पण बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

म्हणून आमचं सांगणं असं, की अभ्यासक्रम मागून पुढे लावा. आधी कुठे जायचं ते ठरवा, नक्की नसेल तर दोन-तीन जागा तरी मनाशी धरा, आणि मग आजच्या कॉलेजातला कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाच्या जागी चालतो ते बघा. कॅलिफोर्नियात यासाठी 'असिस्ट' नावाची सरकारी वेबसाइट आहे. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. काउन्सेलरकडे जाताना तिथला तक्ता छापून न्यावा. रिकाम्या हाताने गेलात तर अर्धा तास ओळखीतच जातो, हे आमची काउन्सेलर स्वतःच सांगते.

विषय कोणते असतात, ते आता थोडक्यात. दोन अकाउंटिंग, सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, संख्याशास्त्र, बहुधा धंद्यापुरतं कॅल्क्युलस. उरलेलं सामान्य शिक्षण : इंग्रजी लेखन, भाषणकला, प्रयोगासह एक विज्ञान, इतिहास किंवा कला, एथनिक स्टडीज. यावर आपली मंडळी नेहमी चिडतात. "बिझनेसला घातलाय, भाषणकला कशाला?" अहो, निदान ती तरी आनंदाने करू द्या. आमच्यापैकी जो इथून शिकून गेला, त्याला पहिल्या मुलाखतीत कामी आला तो तोच विषय.

अकाउंटिंगबद्दल जरा जास्त बोलतो, कारण बी.कॉम. केलेली माणसं तिथे हमखास अडखळतात. तुम्हाला वाटतं, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा सगळं येतं, आता काय शिकायचं? नावे-जमेचं तत्त्व तेच आहे, खरं आहे. पण मांडणी बदलते. जुन्या पद्धतीच्या आपल्या ताळेबंदात डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. इथे मालमत्ता आधी, आणि त्यातही सगळ्यात पहिली रोकड. बऱ्याच भारतीय कंपन्यांच्या आजच्या नमुन्यात तर भांडवल आणि देणी वर, आणि मालमत्तेतही जमीन, यंत्रं अशी दीर्घकाळाची आधी. मालसाठ्याच्या मूल्यांकनात 'शेवटी आलेला माल आधी गेला' असं धरायची पद्धत इथे चालते. भारतीय हिशेब मानकांत ती चालत नाही. परीक्षेत हात सवयीने जुन्या जागी जातो. ज्याने पहिले तीन आठवडे 'हे मला येतं' म्हणून गृहपाठ सोडला, तो चौथ्या आठवड्यात समायोजन नोंदींपाशी गडबडतो. दरवर्षी पाहतो आम्ही.

आणि गृहपाठ सोडून चालतच नाही. आपल्याला सवय वर्षभर निवांत राहून मार्चमध्ये गाईड उघडायची. इथे दर आठवड्याचा गृहपाठ, चाचण्या, मधल्या परीक्षा या सगळ्यांचे गुण मोजतात. शेवटच्या पेपरावर सगळं भरून काढू म्हटलं तर गणितच जमत नाही. मित्राचा गृहपाठ उतरवून घेणं इथे कॉपीच समजतात, हेही मुलांना आधी सांगून ठेवा.

आता मुख्य हिशेब, वेळेचा. एक युनिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि घरी दोन तास अभ्यास, असा ढोबळ नियम. तीन युनिटांच्या विषयाला नऊ तास. दोन वर्षांत डिग्री हवी तर सेमिस्टरला १५ युनिटं, म्हणजे आठवड्याला ४५ तास. ही एक पूर्णवेळ नोकरीच झाली. त्यावर २५ तास दुकानात काम करणाऱ्या मुलाचे ७० तास होतात. झोपायचं कधी? म्हणून काम करणारे किंवा मुलंबाळं असणारे सहा युनिटं घेतात. ६० भागिले ६, दहा सेमिस्टर. पाच वर्षं! कागदावर 'दोन वर्षं' लिहिलंय ते पूर्णवेळ शिकणाऱ्याचं. घरच्यांनी तिसऱ्या वर्षी "अजून संपलं नाही?" विचारायला सुरुवात केली की बाई शिक्षण सोडते, अभ्यास जमत नाही म्हणून नव्हे. हे आम्ही दोन-तीन घरांत पाहिलंय, आणि त्या घरांतल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

पैशाचं मात्र बरं आहे. कॅलिफोर्नियात रहिवासी ठरलेल्याला युनिटला ४६ डॉलर पडतात. ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं, आरोग्य शुल्क, पार्किंग वेगळं. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहायला लागतं, इथेच राहायचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो. एच-फोरवरच्या माणसालाही हे करता येतं. भारतातून थेट विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला मात्र शुल्क अनेक पटींनी जास्त आणि सेमिस्टरला किमान १२ युनिटं सक्तीची. त्यामुळे 'स्वस्त कम्युनिटी कॉलेज' हे ऐकून पुण्याहून मुलाला पाठवायचा बेत असेल, तर आधी त्या कॉलेजचा परदेशी विद्यार्थ्यांचा तक्ता बघा. आणखी एक. मुलं एच-फोरवर असतील तर एकविसाव्या वाढदिवसाला तो व्हिसा संपतो. अठराव्या वर्षी सावकाश सुरू केलेल्या डिग्रीच्या मधोमधच तो दिवस येतो. वकिलाला वर्षभर आधी विचारा.

त्या ताईंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. महिनाभर त्या आल्याच नाहीत. मग एक दिवस असिस्टचा तक्ता छापून, रंगीत पेनाने खुणा करून घेऊन आल्या. फायनान्शियल अकाउंटिंग पहिल्यापासून केलं. सध्या मॅनेजेरियल चालू आहे आणि मंगळवारी रात्री व्यापारी कायदा. त्या दिवशी स्वयंपाक नवरा करतो. संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलस बाकी आहे.

आजोबा, तुमचा नातू कुठल्या कॉलेजात आहे ते कळलं, पण कुठल्या डिग्रीला आहे ते तुम्हाला सांगता आलं नव्हतं. घरी गेल्यावर त्याच्या कागदावर शेवटचे दोन शब्द काय आहेत ते बघून या. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू. आता प्रश्न घेऊ या.