हजरत हाजरा आणि एक फ्रेंच तैलचित्र

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जवळजवळ सहा फूट उंच आणि नऊ फूट रुंद असे एक तैलचित्र आहे. कामिय कोरो या फ्रेंच चित्रकाराने ते १८३५ साली पॅरिसच्या प्रसिद्ध सलोन प्रदर्शनात मांडले. नाव 'अरण्यातील हागार'. हागार म्हणजे आपल्या हजरत हाजरा.

चित्र आम्ही सोबत छापलेले नाही. त्यात हजरत इस्माईल (अलै.) बालरूपात आहेत आणि नबींचे चित्र आपल्याकडे चालत नाही. लिहावेसे वाटले ते चित्रकाराने निवडलेल्या क्षणामुळे.

कोरोने बायबलची कथा घेतली. तीत हजरत इब्राहीम (अलै.) माय-लेकरांना भाकरी आणि पाण्याची मशक देऊन निरोप देतात. रानात भटकताना पाणी संपते. लेकराचे मरण पाहवणार नाही म्हणून आई त्याला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते आणि रडते. मग फरिश्त्याची हाक येते, विहीर दिसते. चित्रात हाजरा खडकाळ, उजाड जमिनीवर गुडघे टेकून आहेत, मूल जमिनीवर निपचित आहे आणि आकाशातून फरिश्ता येतो आहे. समीक्षकांनी वाखाणले ते त्या भकास भूमीला. गंमत अशी की, कोरो पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता. त्यातली काही झाडे तर त्याने फ्रान्समधल्याच अभ्यासचित्रावरून उतरवली!

सहीह बुखारीतील हकीकत मक्केच्या ओसाड खोऱ्यातली आहे. सोबत थोडी खजूर आणि एक मशक पाणी. पती पाठ फिरवून निघाले तेव्हा हाजरांनी विचारले, हा अल्लाहचा हुकूम आहे का? होकार मिळताच, मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही, असे म्हणून त्या परतल्या. पण हा भरवसा असूनही त्या बसून राहिल्या नाहीत. पाणी संपले, तान्हे बाळ तडफडू लागले, तशा त्या सफावर चढल्या, कोणी दिसते का पाहिले, उतरल्या, सखल भागात वस्त्र सावरून धावल्या, मरवावर चढल्या. असे सात वेळा. जमजम त्यानंतर.

कोरोच्या चित्रात हे धावणे नाही. त्याच्यासमोर ती कथाच नव्हती, त्यामुळे त्याला बोल लावता येणार नाही.

हज-उमऱ्यातील सई म्हणजे याच फेऱ्या. एक फेरी सुमारे ४५० मीटरची, सात मिळून तीन किलोमीटरच्या वर. आता तिथे छप्पर आहे, संगमरवरी फरशी आहे. धावण्याचा तो टप्पा हिरव्या दिव्यांनी दाखवलेला असतो. तिथे पुरुष धावतात, स्त्रिया आपल्या नेहमीच्या चालीने जातात. त्यांच्या वाटचे धावणे हाजरांनी आधीच करून ठेवले आहे, असे आम्हाला वाटते.