रजेवरचा जवान आणि ७२ तास
एचआयव्ही आणि फौज हे दोन शब्द एकत्र आले की लोक लगेच जवानाच्या वागण्याकडे बोट दाखवतात. ते अर्धेच खरे. २००२ साली ऑपरेशन पराक्रम या सीमेवरच्या लष्करी जमवाजमवीच्या वेळी जम्मूतल्या सांबा येथील लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका जवानाला रक्त चढवले गेले. त्या रक्तातून आलेल्या एचआयव्हीचे निदान २०१४ मध्ये झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दल आणि लष्कर या दोघांना जबाबदार धरून त्याला सुमारे दीड कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. म्हणजे प्रतिबंध रक्तपेढीतही करावा लागतो.

बाकीचा प्रतिबंध ज्याच्या त्याच्या हातात. कंडोम हा पहिला उपाय. तो फाटला किंवा सुई टोचली, तर ‘पेप’ ही औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची; जितकी लवकर, तितकी उपयोगी. रजेवर ठाण्याला किंवा डोंबिवलीला आलेल्या जवानाने युनिटला परतेपर्यंत थांबू नये, सरळ मोठे सरकारी रुग्णालय गाठावे. तिथल्या समुपदेशन केंद्रात तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. १०९७ या हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो. मात्र लागण झाल्यावर पहिले काही आठवडे अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासायचे.

लागण झालीच असेल, तर रोजच्या गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबतो. तो तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही.