वास्तवदर्शी चित्रातील अमूर्त अंग : लेखांक पाचवा

गेल्या लेखांकात आपण हुबेहूबपणाचा विचार केला. परंतु तसबिरीतील व्यक्ती ज्याने जन्मात पाहिलेली नाही, अशा प्रेक्षकालाही ती तसबीर का खिळवून ठेवते, हा प्रश्न तेथे शिल्लकच राहिला. जेम्स व्हिस्लर याने १८७१ साली लंडनमध्ये, चेल्सीतील आपल्या राहत्या घरी रंगविलेले मातोश्रींचे व्यक्तिचित्र या कामी विशेष उपयोगी आहे. कारण पुढच्याच वर्षी रॉयल अकॅडमीत ते मांडताना, मातोश्रींचा उल्लेख मागे ठेवून ‘करड्या व काळ्या रंगांचा विन्यास’ हे नाव त्याने बुद्धिपुरस्सर पुढे केले होते.

सुमारे पावणेपाच फूट उंच व सव्वापाच फूट रुंद अशा या चित्राची छापील प्रत वाचकांनी क्षणभर उलटी धरून पाहावी. म्हातारी दिसेनाशी होते आणि उरतो तो काळ्या वस्त्राचा एक विस्तीर्ण, सलग आकार. त्याच्या पाठीमागे भिंतीचा करडा विस्तार. भिंतीच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली काळी आडवी पट्टी. आणि एका कडेला पडद्याचा उभा, गडद स्तंभ. भिंतीवरील चौकटीतल्या छापचित्राभोवतीचा पांढरा कागद, डोक्यावरची झालरीची टोपी आणि मांडीवरल्या हातांतला रुमाल या तीन ठिकाणी पांढरा रंग असा पेरला आहे की दृष्टी एकावरून दुसऱ्यावर आपोआप जाते. मस्तकामागे, चित्राच्या अगदी कडेशी, दुसऱ्या एका चौकटीचा केवळ तुकडा दिसतो. तो अंगठ्याने झाकून पाहिला म्हणजे त्या बाजूची भिंत एकदम रिकामी व दुबळी कशी पडते, हे ध्यानी येते.

चित्रातली बाई कोण याच्याशी लोकांना काय कर्तव्य, असा व्हिस्लरचा पुढे दावा असे. आम्हांस तो अतिरेकी वाटतो. धर्मनिष्ठ, वैधव्याची काळी वस्त्रे ल्यालेल्या त्या स्त्रीचा संयम ज्या काटकोनांतून व मोजक्या रंगांतून प्रकट झाला आहे, ते काटकोन निव्वळ भूमितीचे नव्हेत. मात्र ते नसते तर हा संयमही आपल्यापर्यंत पोचता ना, एवढे त्याचे म्हणणे बिनतोड आहे.

याचा उलटा पुरावा अमेरिकेच्या टपाल खात्याने अजाणता दिला. १९३४ साली मातृदिनानिमित्त काढलेल्या तीन सेंटांच्या तिकिटावर या खात्याने मूळ चित्राच्या कडा छाटल्या आणि मातोश्रींच्या पायांपुढे चक्क फुलदाणी आणून ठेवली! आई कायम राहिली, पण चित्राचा तोल पार गेला.

मूळ चित्र १८९१ साली फ्रेंच सरकारने खरेदी केले. त्याच नावाचा ‘क्रमांक दोन’, म्हणजे टॉमस कार्लाइलचे व्यक्तिचित्र, त्याच वर्षी ग्लासगोच्या नगरपालिकेने घेतले. त्याचा परामर्श पुढील लेखांकी घेऊ.