तासाला 150 की 300? नवख्या फ्रीलान्स प्रोग्रामरने दर कसा ठरवायचा?

धुळ्यातल्या किंवा शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून घरूनच कोडिंगची कामं घेणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न येतो: तासाचे किती मागायचे? बरेच जण पगाराचा हिशेब लावतात. महिना 30 हजार, 200 तास, म्हणजे तासाला 150 रुपये. गडबड इथेच होते.

200 तासांचे पैसे कोणीच देत नाही. काम शोधणं, क्लायंटचे फोन, कोटेशन, थकलेल्या बिलाचा पाठपुरावा यांत निम्मा वेळ सहज जातो. बिल लावण्याजोगे 100 तासच धरले, तर 150 च्या दराने हातात पडतात 15 हजार. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टरचा खर्च त्यातूनच. 30 हजार हवे असतील तर दर 300 लागतो.

ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं कमिशन वेगळं. फायवर कमाईतून 20 टक्के कापतं. मग 300 वर 20 टक्के चढवून 360 मागायचे? नाही. त्यातून 72 गेले की 288च उरतात. 300 ला 0.8 ने भागा, 375 येतात.

गावातला दुकानदार मात्र तासाचं विचारतच नाही. ‘वेबसाइटचे एकूण किती?’ एवढंच. तिथे 40 तासांचं काम असेल तर 12 हजार सांगा. स्वतःच्या शिकण्यात गेलेले तास त्यात धरू नका. किती वेळा बदल करून देणार, हे आधीच लिहून द्या आणि अर्धे पैसे आगाऊ घ्या.

कंपनीने बिलातून टीडीएस कापला, तर त्यासाठी दर वाढवायची गरज नाही. रिटर्न भरताना ती रक्कम तुमच्या करात वळती होते, जास्त कापली असेल तर परत मिळते.