कपाशीची पातेगळ व झाडांतील संजीवकें

हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा व वसमत या तालुक्यांतील काळ्या जमिनींत कपाशी ऐन भरांत असतां पातीं व कोवळीं बोंडें गळून सऱ्यांत सडा पडतो, हा अनुभव शेतकरी बंधूंस नवा नाहीं. झाडास रोग जडला अशा समजुतीनें दुकानांत मिळेल तें औषध फवारलें जातें. पैसा जातो, गळ राहते. म्हणून हें गळणें घडतें कसें, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पान किंवा फळ केवळ वाऱ्यानें तुटत नाहीं. झाड तें स्वतः सोडतें. देठाच्या बुडाशीं पेशींचा एक पातळ थर असतो. पान वा बोंड जोमदार असेपर्यंत त्यांतून ऑक्सिन नांवाचें संजीवक देठांत उतरत राहतें व तो थर घट्ट राहतो. हा ओघ मंदावला म्हणजे इथिलीन वायूचा अंमल त्या थरावर चालूं लागतो. पेशींस सांधणारा पदार्थ विरघळतो व देठ सुटतो. १९६३ सालीं अमेरिकेंत ॲडिकॉट प्रभृति शास्त्रज्ञांनीं कपाशीच्या कोवळ्या बोंडांतूनच ॲब्सिसिक आम्ल वेगळें काढिलें. गळीचें कारण हेंच, असें प्रथम वाटलें. परंतु प्रत्यक्ष काम मुख्यतः इथिलीनचें, असें पुढें ठरलें.

आतां आपल्या शेताकडे वळूं. श्रावण-भाद्रपदांत पाणी सांचलें म्हणजे मुळांस हवा मिळत नाहीं. मुळांत झालेलें द्रव्य वर चढून त्याचें इथिलीन बनतें. ढगाळ हवेंत पानें पुरेसें अन्न करीत नाहींत. लांबलेल्या उघडिपीनें ओल तुटली तरी गळ होते. शिवाय निरोगी झाडही सर्व पातीं पोसूं शकत नाहीं. कांहीं गळ स्वाभाविकच होय.

यास्तव प्रथम गळलेलीं पातीं उचलून पाहावीं. छिद्र दिसल्यास अळीचा बंदोबस्त करावा. नसल्यास चर काढून पाण्याचा निचरा करावा व वाफसा येतांच कोळपणी करावी. त्यानंतरच नॅप्थिल ॲसेटिक आम्लाचा विचार करावा. तें ऑक्सिनच्याच जातीचें कृत्रिम संजीवक आहे. ४.५ टक्क्यांचें औषध १० लिटर पाण्यांत ४ मिलिलिटर घातलें म्हणजे दर दहा लक्ष भागांत सुमारें १८ भाग होतात. प्रमाण वाढवूं नये. अति ऑक्सिननें झाडांत इथिलीनच वाढतें. टू-फोर-डी हें तणनाशकही याच वर्गांतलें असून कपाशी त्यास फार हळवी आहे. त्याचा पंप कपाशीस मुळींच लावूं नये.

गळलेलें पातें पुन्हां लागत नाहीं. चर मात्र पावसापूर्वीं काढतां येतो, व त्यास औषधाची बाटली लागत नाहीं.